फुलांचे भाव

मराठी कवितेत फुलांना जितकी जागा मिळाली आहे तितकी दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळाली असेल. मोगऱ्यापासून बकुळीपर्यंत आणि पारिजातकापासून केवड्यापर्यंत एकही फूल आमच्या कवींनी सोडलेले नाही. फुलांचे रंग त्यांनी पाहिले, गंध घेतले, त्यांच्या अंतरंगातले भावही ओळखले. एक भाव विचारायचा मात्र राहून गेला, तो बाजारातला! पहाटे चार वाजता शेवंती काय भावाने गेली आणि दहा वाजता तीच काय भावाने काढावी लागली, या विषयावर अद्याप कोणी सुनीत रचल्याचे ऐकिवात नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाने हे बोलून दाखवावे हे कदाचित शोभणार नाही. परंतु ज्यांचे पोट फुलांवर चालते त्यांच्या लेखी फुलाचे सारे काव्य या एका भावातच साठवलेले असते.

अलीकडे या भावाची चौकशी पांढरपेशा घरांतूनही होऊ लागली आहे. कोणाच्या घरी मंगळागौर असते, कोणाचे डोहाळजेवण असते. घरातली एखादी हौशी सून चार फुले अशा काही नजाकतीने मांडते की आलेल्या बायका तोंडात बोट घालतात, आणि त्यांतली एखादी काकू म्हणते, "अगं, तू याचा धंदाच का करीत नाहीस?" या एका वाक्याने आजवर किती दुकाने उघडली आणि किती वर्षभरात मिटली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. भांडवल थोडे, हौस मोठी आणि माल तर डोळ्यांना सुखवणारा! मग यात कठीण ते काय?

कठीण आहे तो हिशेब. आणि तो फुलाच्या पाकळ्यांत इतका बेमालूम दडलेला असतो की पुष्कळांना तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जुना धंदा, नवे नाव

'फ्लोरल डिझाइन' हे नाव नवे असले तरी काम जुने आहे. माळी, गुरव, फुलारी यांनी पिढ्यान् पिढ्या ते केले. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पेशव्यांना फुले पुरवण्याचे काम पत्करले आणि लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले. पुढे १८२७ साली त्या घरात जन्मलेल्या मुलाने ते नाव अजरामर केले, ही गोष्ट निराळी. पण एका धंद्याने घराण्याचे आडनाव पुसून तिथे आपले नाव लिहावे, एवढी त्या धंद्याची तेव्हा मातब्बरी होती. आजही पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात एकादशीला जी फुलांची आरास होते ती पाहणाऱ्याला, आपल्याकडे पुष्परचनेची कला परदेशातून आली असे म्हणण्याचा धीर व्हायचा नाही.

कला आपली आहेच. प्रश्न आहे तो तिच्यावर घर चालवण्याचा.

पहाटेचे अदृश्य घड्याळ

हॉलंडमध्ये आल्समेर येथे फुलांचा जगप्रसिद्ध लिलाव होतो. आपल्याकडच्या लिलावात बोली खालून वर चढते. तिथे ती वरून खाली उतरते. घड्याळासारख्या तबकडीवर भाव झपाट्याने खाली येत असतो आणि जो व्यापारी प्रथम कळ दाबतो त्याला माल मिळतो. घाईने दाबली तर महाग पडते, धीर धरला तर माल दुसऱ्याचा होतो. नाशवंत मालाला अशी झटपट पद्धतच मानवते.

दादरला पश्चिमेच्या बाजूस, स्टेशनालगत सेनापती बापट मार्गावर, जो फुलबाजार पहाटेच्या अंधारात भरतो तिथे अशी तबकडी नाही. पण घड्याळ आहे! ते दिसत नाही, इतकेच. वसईचा सोनचाफा येतो, पालघरकडचा मोगरा येतो, नाशिक-पुण्याकडचे गुलाब आणि शेवंती येते. पहाटे भाव ताठ असतो. ऊन चढू लागले की तो वाकतो आणि नऊ-दहाच्या सुमारास विक्रेता स्वतःच हाका मारू लागतो. पुण्याच्या गुलटेकडीतही हीच तऱ्हा. नवख्याला वाटते, उशिरा जावे म्हणजे स्वस्त मिळेल. स्वस्त मिळते खरे. पण ते फूल मांडवात जाईपर्यंत मान टाकते.

त्यातून मापेही एक नाहीत. झेंडू, गुलछडी, सुटी शेवंती किलोवर. डच गुलाबाची गड्डी वीस नगांची. जर्बेरा, लिलियम दहा-दहा काड्यांचे. सोनचाफा तर मोजून नगावर. ज्याला या मापांचा तोंडी हिशेब जमत नाही, त्याने बाजारात जाताना बरोबर कोणी जाणता न्यावा हे उत्तम.

फेकलेल्या फुलाची किंमत

आता थोडे गणित. समजा, १० रुपयांना एक याप्रमाणे १०० गुलाब घेतले. मुद्दल झाले १,००० रुपये. ते १५ रुपयांना एक या भावाने विकले तर आले १,५०० आणि नफा झाला ५००. इथवर हिशेब कोणीही करील. परंतु शंभरांतली वीस फुले बहुधा विकलीच जात नाहीत. काहींच्या माना वाटेतच मोडतात, काही वेळेआधी उमलतात, काहींना बुरशीचा डाग असतो. उरली ८०. त्यांचे आले १,२०० आणि नफा राहिला २००. म्हणजे फुले वाया गेली पाचांतला एक हिस्सा, पण नफा गेला पाचांतले तीन हिस्से! आणि चौतीस फुले वाया गेली, तर मुद्दलालाच हात लागला.

फुलांच्या धंद्याचे मर्म या त्रैराशिकात आहे. इथे नफा विकलेल्या फुलावर ठरत नाही. फेकलेल्या फुलावर ठरतो. म्हणूनच मुरलेला फुलवाला किती घ्यायचे यापेक्षा किती घ्यायचे नाही याचा विचार अधिक करतो. शिवाय तो एकाच मालाला तीन जन्म देतो. घट्ट कळी गुच्छात जाते. पुरती उमललेली फुले गुच्छाला निरुपयोगी, पण पाण्याने भरलेल्या उरळीत तरंगत ठेवली की तीच शोभतात. आणि गळू लागलेल्यांच्या पाकळ्या सोडवून त्यांची रांगोळी होते किंवा नवरदेवाच्या वाटेवर उधळण होते. गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा करणारे हात हेच शास्त्र रोज स्वयंपाकघरात वापरीत असतात!

देठाचे पाणी

फुले वाया जाण्याचे पुष्कळसे कारण देठात असते. तोडलेले फूल म्हणजे तहानेने व्याकुळ झालेला जीव. देठातल्या बारीक नळ्यांतून ते पाणी ओढते. देठ कापताच त्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून देठाचे टोक पाण्यात बुडवून पुन्हा तिरपे कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजतात आणि कुजक्या पाण्यातले जंतू त्याच नळ्या बुजवतात. बादल्या रोज घासाव्यात. पाणी रोज बदलावे.

पिकलेल्या केळ्यांच्या शेजारी कार्नेशनची फुले ठेवू नयेत. पिकत्या फळांतून इथिलिन नावाचा वायू निघतो आणि त्याने ही फुले अकाली मिटतात. सगळीच फुले फ्रीजमध्ये टिकतात हाही एक गैरसमज आहे. गुलाबाला थंडावा मानवतो. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण मुलखातली फुले त्याच थंडीने काळवंडतात. मोगऱ्याचे तर तंत्रच वेगळे. त्याच्या कळ्या सकाळी खुडतात, ओल्या फडक्यात जपतात आणि त्या संध्याकाळी गजऱ्यात उमलतात. उमललेला मोगरा विकायला बसणे म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट विकणे.

सजावटीच्या कामात हल्ली हिरव्या ठोकळ्याचा फार वापर होतो. 'ओॲसिस' या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा ठोकळा पाणी धरून ठेवतो आणि देठ हवा तसा रोवता येतो, हे खरे. पण तो कुजत नाही, त्याचा बारीक चुरा माती-पाण्यात तसाच राहतो, आणि प्रत्येक कामाला नवा विकत घ्यावा लागतो. त्याऐवजी तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवली तर तीच वर्षानुवर्षे उपयोगी पडते. निसर्ग आणि खिसा यांचे हित एकाच ठिकाणी जुळण्याचे योग थोडे. हा त्यांतला एक.

पंचांग हेच भांडवल

फुलवाल्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी पंचांग हवे. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात, आणि तुळशीचे लग्न लागले की मग माणसांची लागू लागतात. मधल्या चार महिन्यांत लग्ने नाहीत, पण श्रावण आहे, गणपती आहेत. पाठोपाठ पितृपक्ष येतो आणि बाजार एकदम बसतो. मग नवरात्र, दसरा, दिवाळी. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना वेण्यांची मागणी. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला गुलाबाचा भाव आकाशाला भिडतो. त्या दिवसासाठी मावळातल्या हरितगृहांतून, तळेगावच्या परिसरातून डच गुलाब परदेशीही रवाना होतात. आणि दर अडीच-तीन वर्षांनी येणारा अधिक महिना लग्नाच्या कामावर विसंबणाऱ्याचा एक महिना गिळून जातो.

दसऱ्याचा झेंडू हा तर या धंद्यातला जुगारच. गंमत अशी की ज्या झेंडूवाचून आपला दसरा अडतो तो मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. परंतु झेंडू आता इतका आपला झाला आहे की त्याला परका म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शेतकरी दसऱ्याचा दिवस धरून दोन-सव्वादोन महिने आधी रोपे लावतो. सर्वांनीच तो दिवस धरलेला असतो! सणाच्या तोंडावर पाऊस आला तर भिजलेले फूल काळे पडते. पाऊस नाही आला तर आवक इतकी होते की दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेले ढीग रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकामी गाडी घेऊन परततो. सकाळी आपण पाच-दहा रुपयांसाठी ज्याच्याशी घासाघीस केली, त्याच्याच फुलांवरून संध्याकाळी मोटारी जातात.

म्हणून शहाणे लोक सणावर आणि लग्नावर सगळा भार टाकीत नाहीत. त्यांचा पाया असतो तो रोजच्या फुलपुडीचा. पहाटे दाराच्या कडीला अडकवलेली पुडी आणि महिनाअखेर हिशेब. त्याच धर्तीवर आता दवाखाने, कचेऱ्या, हॉटेले यांना आठवड्याला ठरलेली फुले पुरवणारेही आहेत. किती फुले लागणार हे आधीच ठाऊक असल्याने यात वाया जाणे कमी. फुलपुडीने भाकरी मिळावी आणि लग्नाने तिच्यावर तूप पडावे. नुसते तूप खाऊन कोणी जगत नाही.

लंडनची मुख्याध्यापिका

आता एका मुख्याध्यापिकेची हकीगत सांगतो. कॉन्स्टन्स स्प्राय ही बाई १८८६ साली इंग्लंडात जन्मली. लंडनच्या पूर्व भागात कामकरी मुलींसाठी चालणाऱ्या एका शाळेची ती मुख्याध्यापिका होती. १९२९ साली, चाळिशी उलटल्यावर, तिने ती सुरक्षित नोकरी सोडून फुलांचे दुकान थाटले. ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या एका अत्तराच्या दुकानाची दर्शनी खिडकी सजवण्याचे काम तिला मिळाले. तिने काय करावे? कुंपणाकडेची रानवेली, गवते, रानपाने आणली आणि त्यांच्याशेजारी महागडी ऑर्किड मांडली. ती खिडकी पाहायला लोकांची गर्दी लोटली. पुढे तिने कोबीच्या जातीची पाने वापरली, फळे वापरली, वाळलेली बोंडे वापरली. आणि काचेच्या फुलदाणीऐवजी स्वयंपाकघरातली भांडी घेतली. १९३४ साली तिचे पुस्तक निघाले. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहण समारंभाची पुष्परचना तिच्याकडे आली. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये तिच्या कामाचे प्रदर्शन मांडले तेव्हा, संग्रहालय मूळ उद्दिष्टापासून ढळले असे म्हणत त्याच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. मरणानंतर चव्वेचाळीस वर्षांनी अध्यक्षाला खुर्चीवरून उठवणारी फुले सामान्य नव्हेत!

तिच्या यशाचे इंगित काय? तिने गिऱ्हाइकाकडून फुलांचे पैसे घेतले नाहीत, नजरेचे घेतले. रस्त्याकडेच्या पाल्याला बाजारात भाव नव्हता. तो कुठे ठेवायचा हे तिला कळत होते, आणि त्या कळण्याला भाव होता. आपल्याकडे तर या सामग्रीला तोटाच नाही. दसऱ्याच्या तोरणात झेंडूच्या शेजारी भाताची लोंबी ओवणाऱ्या आजीला हे तत्त्व कोणी शिकवले होते? पोफळीचा तुरा, ज्वारीची कणसे, कर्दळीची पाने, केळफूल, आंब्याचे डहाळे ही परदेशी लिलीपेक्षा स्वस्त आहेत आणि आपल्या मांडवात अधिक शोभतात.

हातांचा भाव

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक हिशेब. समजा, एका घरगुती लग्नाच्या सजावटीचे काम १५,००० रुपयांना घेतले. फुलांना गेले ६,०००, तार, जाळी, कापड यांना ८००, टेम्पोला १,५००, आणि दोन मदतनिसांना दिवसाचे ८०० प्रमाणे १,६००. खर्च झाला ९,९००. उरले ५,१००. बाई आनंदाने घरी येते आणि म्हणते, "पाच हजार सुटले!"

सुटले नाहीत. गिऱ्हाइकाकडे दोन खेपा, पहाटेचा बाजार, आदल्या रात्री देठ साफ करणे, कार्यालयात मांडणी, आणि सगळे पांगल्यावर निर्माल्य गोळा करून जागा मोकळी करणे, असे तिचे स्वतःचे २६ तास गेले. मदतनिसाला आठ तासांचे ८०० दिले, म्हणजे तासाला १००. त्याच दराने तिचे झाले २,६००. नवऱ्याने स्कूटरवरून हेलपाटे घातले, मुलीने रात्री जागून माळा ओवल्या. दोघांचे मिळून १० तास, म्हणजे १,०००. उरले १,५००. त्यातून फुटलेल्या कुंड्या, फोनचे बिल, आणि नुसतीच चौकशी करून गेलेल्या चार गिऱ्हाइकांसाठी घालवलेल्या दुपारी वजा करा. आता सांगा, किती सुटले?

घरच्या माणसांची मजुरी शून्य धरायची ही आपली जुनी सवय. स्वयंपाक करणारीचे हात आपण कधी मोजले नाहीत. मग फुले मांडणारीचे कसे मोजणार? पण धंद्यात ही सवय घातक ठरते. स्वतःची मजुरी शून्य धरून जी बाई भाव सांगते ती स्वतः तर थकतेच, शिवाय भाडे भरून, माणसे ठेवून रीतसर धंदा करणाऱ्या शेजारच्या फुलवाल्याचाही भाव पाडते. दोन वर्षांनी दोघांचीही दुकाने बंद! आणि सर्वांत आधी पोटाला चिमटा बसतो तो फूटपाथवर बसून नगावारी हार ओवणाऱ्या मावशीच्या. तिच्या बोटांची गती पाहावी. सुई, दोरा, फूल. सुई, दोरा, फूल. त्या गतीला विद्यापीठाची पदवी नाही, पण तिच्यावाचून गावात एकही देव सजत नाही.

"एवढ्याशा फुलांचे एवढे पैसे? फुले तर झाडाला येतात!" असे म्हणणारे गिऱ्हाईक हमखास भेटते. त्याच्याशी वाद घालू नये. फुलांचा, हातांचा आणि वाहतुकीचा आकडा वेगवेगळा मांडून कागद त्याच्या हाती द्यावा. विसार घेतल्यावाचून पहाटे बाजाराची वाट धरू नये. लग्न मोडले तर फुले परत झाडाला लागत नाहीत. आणि न परवडणाऱ्या कामाला हसतमुखाने नाही म्हणायला शिकावे. ही पुष्परचनेतली सर्वांत अवघड रचना आहे!

प्लास्टिकच्या फुलांचे संकट आहेच. ती एकदा घ्यावीत आणि शंभर मांडवांना भाड्याने द्यावीत. कृत्रिम फुलांवर बंदी घाला, ही फूल उत्पादकांची मागणी २०२५ साली विधिमंडळापर्यंत पोहोचली. कायदा काय करायचे ते करील. पण प्लास्टिकचे फूल सुकत नाही, हाच त्याचा मोठा दोष आहे असे मला वाटते. आपण देवाला आणि माणसाला फूल देतो ते काही ते टिकाऊ आहे म्हणून देत नाही. ते आजचे आहे, फक्त आजच्यासाठी आहे, म्हणून देतो. त्या एका दिवसापाठी कोणाची तरी पहाट, कोणाची तरी बोटे आणि कोणाची तरी नजर खर्ची पडलेली असते.

यंदा दाराला तोरण लावताना झेंडूचा भाव जरूर विचारावा. घासाघीसही थोडी करावी, तीही आपली परंपराच आहे! मात्र ते तोरण ओवलेले मिळत असेल, तर ओवणाऱ्या हातांचा भाव त्यात धरला आहे ना, एवढे मनाशी पाहावे. आणि घरातल्या एखाद्या सुनेने वा लेकीने फुलांचा धंदा मांडायचा बेत केला, तर तिला पहिल्या दिवशी फुलदाणी भेट देऊ नका. एक वही द्या. तिच्या पहिल्या ओळीत तिला स्वतःचे नाव लिहू द्या, आणि त्यापुढे तिची मजुरी.